घामघर

त्यांना 'कसे आहात' असं विचारू नये, हे मला त्यांची भेट होण्याआधीच देवरीच्या बसस्टँडवर सांगण्यात आलं. सांगणारा चिचगडकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर होता. एकदा गाडी सुटता सुटता त्याने रीत म्हणून विचारलं होतं. पाद्री साहेबांनी एक पाय पायरीवर ठेवून विचार केला आणि मग उत्तर दिलं : डावा गुडघा कालपेक्षा वाईट, झोप मध्यम, पोट समाधानकारक, मनःस्थितीविषयी संध्याकाळपर्यंत निश्चित सांगता येईल. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. तेव्हापासून कंडक्टर त्यांना पाहून फक्त मान हलवत असे.

मी त्या वेळी नागपूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. चिचगडच्या पुढे सात किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या गावात, मिशनच्या आवारातली एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून गेलो. साहेबांनी खोली स्वतः दाखवली. "छत दोन ठिकाणी गळते," ते म्हणाले. "अचूक सांगायचे तर तीन, परंतु तिसरे ठिकाण मला अद्याप सापडलेले नाही. खिडकीतून विंचू येतो. तो दर वेळी तोच असतो की निरनिराळे, हे मी सांगू शकत नाही."

मी खोली घेतली. तिसरं ठिकाण माझ्या खाटेवर होतं.

साहेब फिनलंडचे. सत्तरी ओलांडलेली, उंची इतकी की गावातल्या प्रत्येक दारात वाकायचं, आणि तरी कपाळावर नेहमी एक ताजी खूण. एकतीस वर्षांपूर्वी ते या गावात मिशनरी म्हणून आले. तेव्हा आवारात वसतिगृह होतं, दवाखाना होता, आणखी दोन परदेशी मंडळी होती. पुढे सरकारी शाळा आणि उपकेंद्र आलं, वसतिगृह व दवाखाना बंद झाला, ती दोघं मायदेशी गेली. उरलं साठ माणसं बसतील एवढं चर्च, साहेब, आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या फुलनबाई. चर्चची किल्ली फुलनबाईंच्या कमरेला असे, कारण साहेब ती हरवत आणि हरवल्याचं सगळ्यांना सांगत.

मराठी ते पुण्यात दोन वर्षं पुस्तकातून शिकले होते. या भागात माणसं 'काऊन' आणि 'कायले' म्हणतात. साहेब 'कोणत्या कारणास्तव' म्हणत. गावाने त्यांचं नाव 'बातम्या' ठेवलं होतं. त्यांच्या तोंडचं वाक्य रेडिओवरून आल्यासारखं वाटे, आणि रेडिओसारखंच त्याला उलट उत्तर देता येत नसे.

पण गावाला खरी अडचण त्यांच्या भाषेची नव्हती. साहेब खोटं बोलत नसत. तसा प्रयत्नही करत नसत. लग्नाच्या पंगतीत यजमानाने जेवण कसं झालं विचारलं, तर ते सांगत की वरण उत्तम आहे, भाताला धुराचा वास आहे आणि जिलबी करणारा घाईत होता. दोन-तीन लग्नांनंतर लोकांनी तोडगा काढला. साहेबांना पंगतीच्या आधी तासभर बोलावून चव घ्यायला लावायचं आणि आचाऱ्याला समोर उभं करायचं. आजूबाजूच्या पाच गावांतले आचारी त्यांना घाबरत.

बाकी बाबतींत त्यांना काही न सांगणं हाच उपाय होता. 'साहेबाले सांगजो नोको' हे वाक्य मी तिथं रोज ऐकलं. एकदा जंगलातून कोणीतरी रानडुक्कर मारून आणलं आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षक विचारपूस करत थेट साहेबांकडे आला. त्यालाही माहीत होतं की गावात खरं एकाच घरात मिळतं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, काळी कॉफी दिली आणि म्हणाले, "मला काहीही सांगण्यात आलेले नाही. परंतु वास उत्तम होता." वनरक्षकाने वहीत काय लिहिलं ते कळलं नाही. कॉफी त्याने अर्धी ठेवली. फुलनबाई त्या कॉफीला काढा म्हणत आणि उरलेली तुळशीला सुद्धा घालत नसत.

रविवारी सकाळी नऊला चर्चची घंटा वाजे. उपस्थिती दोन : किल्लीमुळे फुलनबाई आणि पंख्यामुळे मी. आवारातला इन्व्हर्टरवर चालणारा एकमेव पंखा चर्चमध्ये होता. साहेब आम्हा दोघांसमोर चाळीस मिनिटं प्रवचन करत, तेही साठ माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. फुलनबाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. शेवटी साहेब विचारत, "काही शंका?" फुलनबाई म्हणत, "नाई. दुपारी काय करू?"

दुपारी साहेब पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बसत, कारण मोबाइलला रेंज तिथंच होती. फिनलंडमधल्या ज्या चर्चच्या मंडळीने त्यांना पाठवलं होतं, ती महिन्यातून एकदा व्हिडिओवर भेटे. तिकडची मुलं हत्ती दाखवा म्हणत. साहेबांनी सांगितलं की येथे हत्ती नाहीत; अस्वले आहेत, परंतु ती ठरलेल्या वेळी येत नाहीत. पुढे छत्तीसगडकडून जिल्ह्यात खरोखरच हत्तींचा कळप आला. साहेबांनी त्या मुलांना पत्र लिहून कळवलं की पूर्वी दिलेली माहिती आता चुकीची ठरली असून त्याबद्दल ते दिलगीर आहेत.

घामघर त्यांनी आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी बांधलं होतं. मातीच्या भिंती, खिडकी नाही, आत फळ्यांच्या दोन पायऱ्या, कोपऱ्यात चूल आणि तिच्यावर रचलेले दगड. दगड तापवायचे, त्यांवर पाणी शिंपडायचं, वाफेत बसायचं, मग बाहेर येऊन गार पाणी अंगावर घ्यायचं. त्यांच्या देशात शनिवारी घरोघरी हे करतात. गावाने ते बांधकाम महिनाभर पाहिलं. मे महिन्यात अख्खं गाव जे फुकट भोगतं, त्यासाठी हा माणूस खोली बांधून राहिला, यावर कोणाचा विश्वास बसेना.

पहिल्या शनिवारी साहेब आतून बाहेर आले ते लालबुंद, कमरेला पंचा, अंगातून वाफा, आणि कडुनिंबाच्या डहाळीने स्वतःच्या पाठीवर फटके मारत. सुकलूबाबा तेव्हा तरुण होते. गावदेवाची पूजा त्यांच्या घराकडे असते. अंगात येणं त्यांना नवीन नव्हतं. ते लिंबू घेऊन पुढे झाले आणि अदबीने विचारलं, कोणता देव आहे? साहेबांनी विचार केला. "देव नाही," ते म्हणाले. "प्रथा आहे."

सुकलूबाबांना हे पटलं. देवाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. प्रथेबद्दल ते ऐकून घ्यायला तयार होते. त्या थंडीत ते एकदा आत बसून आले आणि त्यांची धरलेली कंबर सुटली. मग त्यांचा भाऊ आला, मग भावाचा व्याही. फुलनबाईंनी बुधवार बायकांसाठी काढून घेतला, कारण बाळंतिणीला शेक लागतोच आणि इथं तो एका वेळी चौघींना मिळत होता. माझ्या वेळेपर्यंत शनिवारी बाहेर नंबर लागत. चर्चमध्ये दोन आणि घामघरात अकरा, हा आवाराचा नेहमीचा हिशेब होता.

आत एकच नियम : बोलायचं नाही. साहेबांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी एकदा विचारलं की एकतीस वर्षं ज्यांनी प्रवचन ऐकावं असं वाटतं, ती माणसं दर शनिवारी अर्धा तास तुमच्यासमोर बसतात, तर तिथंच चार शब्द का सांगत नाही? साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीत थुंकलो होतो.

"आत बोलत नाहीत," ते म्हणाले.

त्या वर्षी जानेवारीत पोलीस ठाण्यात धर्मांतराची तक्रार करणारा एक निनावी अर्ज गेला. त्याची प्रत मी पाहिली आहे. अर्जात म्हटलं होतं की एक परदेशी इसम दर शनिवारी गावकऱ्यांना गटागटाने बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत नेतो, कपडे उतरवायला लावतो, दार बंद करतो, आत पाण्याचा विधी होतो, आणि माणसं ओल्या अंगाने बाहेर येऊन 'नवा जन्म झाला' असं म्हणतात. अर्जातला प्रत्येक तपशील खरा होता. शेवटचं वाक्य तर सुकलूबाबा दर शनिवारी म्हणत.

साहेबांच्या राहण्याच्या परवान्याला दर वर्षी मुदतवाढ लागे आणि ती मार्चमध्ये व्हायची होती. ठाण्याचा अहवाल वाईट गेला तर मुदतवाढ मिळणार नव्हती आणि त्यांना गाव सोडावं लागणार होतं. हे गावात सगळ्यांना कळलं. सगळ्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती : चौकशीत साहेबांना प्रश्न विचारले जातील आणि ते उत्तरं देतील.

फुलनबाईंनी सुचवलं की त्या दिवशी साहेबांना नागझिऱ्याला वाघ बघायला पाठवून द्यावं. साहेब म्हणाले की चौकशी त्यांची आहे, वाघाची नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता ठाण्याचे जमादार आले. गोंदियाचे, बोलण्यात निम्मी हिंदी, स्वभावाने शांत. बरोबर एक शिपाई आणि मोजपट्टी. घामघराचा पंचनामा सुरू झाला. लांबी दहा फूट, रुंदी आठ फूट. दगड सत्तावीस. कडुनिंबाच्या डहाळ्या चार. जमादारांनी डहाळ्यांचा उपयोग विचारला. साहेबांनी प्रात्यक्षिक दाखवलं. शिपाई दोन पावलं मागे सरला.

मग जमादार खुर्चीवर बसले. समोर साहेब, भोवती गाव.

"पाणी किस पे डालते हो, साहब?"

"दगडांवर."

"तर माणसं ओली कशी होतात?"

"घामाने. अचूक सांगायचे तर, ज्याच्या त्याच्या घामाने."

गावाला धीर आला. जमादारांनी लिहून घेतलं आणि विचारलं, आत काय बोलता?

"काहीही नाही. तिथे चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात."

फुलनबाईंनी कपाळाला हात लावला. जमादारांचं पेन थांबलं. "मतलब ये चर्च है?"

"नाही," साहेब म्हणाले आणि बोट दाखवलं. "चर्च ते आहे. तिथे कोणी येत नाही."

जमादारांनी चर्चकडे पाहिलं, मग गर्दीकडे. गर्दीने माना हलवल्या. फुलनबाई पुढे येऊन म्हणाल्या की त्या जातात, पण किल्लीसाठी. जमादारांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी सगळे थांबले होते. या लोकांनी ख्रिस्ती व्हावं, असं तुम्हाला वाटतं का?

साहेबांना उत्तरासाठी विचार करावा लागला नाही.

"वाटते."

"कबसे?"

"एकतीस वर्षांपासून. रोज सकाळी."

शिपायाने मोजपट्टी गुंडाळली. मी वहीत वेळ टिपली : चार वाजून पन्नास मिनिटं. मग सुकलूबाबा काठीवर भार देऊन उठले.

"लिवा," ते जमादारांना म्हणाले. "त्याले वाटते. आमाले नाई वाटत. यात गुन्हा कोनाचा?"

त्यानंतर साक्षींची रांग लागली. प्रत्येकाने आपण ख्रिस्ती झालो नाही हे शपथेवर सांगितलं आणि पुरावे दिले. एकाने सांगितलं की साहेबांनी दिलेलं पुस्तक अकरा वर्षं न उघडता ठेवलं आहे, आणून दाखवतो. दुसऱ्याने सांगितलं की नाताळला ते केक देतात, तो आम्ही बैलाला घालतो. फुलनबाईंनी सांगितलं की इतक्या वर्षांत त्यांचं एकही प्रवचन आपल्या ध्यानात राहिलेलं नाही, वाटल्यास काहीही विचारा. गाव साहेबांना वाचवत होतं, आणि साहेब खुर्चीत ताठ बसून आपल्या आयुष्यभराच्या कामाची साक्षींनिशी होणारी मोजदाद ऐकत होते. केकचं त्यांना माहीत नसावं. त्या वेळी त्यांनी एकदाच मान वळवली.

शेवटी प्रत्यक्ष पाहणी उरली. जमादारांनी टोपी, पट्टा आणि बूट बाहेर काढून ठेवले, पंचा नेसला आणि पाच पंचांबरोबर आत गेले. मी दाराशी होतो. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "अरे बाप रे, ये तो..." आणि लगेच सुकलूबाबांचा, अगदी हळू.

"आत बोलू नोका, साहेब."

जमादार वीस मिनिटांनी बाहेर आले, दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं आणि ओल्या पंच्यावरच खुर्चीत बसले. अहवाल त्यांनी तिथंच लिहिला. त्यातला मुख्य भाग असा : 'सदर इसम गेल्या एकतीस वर्षांपासून धर्मप्रसाराचा प्रयत्न करीत असून त्यात त्यास आजपावेतो कोणतेही यश आलेले नाही. सदर खोलीत घाम येतो. अन्य काही घडत असल्याचे दिसून आले नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. "'कोणतेही' हा शब्द आवश्यक आहे का?" त्यांनी विचारलं. जमादार शब्द खोडायला तयार झाले. साहेबांनी त्यांचा हात थांबवला. "नाही, राहू द्या. आवश्यक आहे." आणि सही केली.

मार्चमध्ये मुदतवाढ आली. गावाने जेवण घातलं. भाताला धुराचा वास होता. साहेबांनी तसं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमध्ये त्यांच्या मंडळीचा वार्षिक तक्ता आला. कामाविषयी स्थानिक अधिकाऱ्यांचा काही अभिप्राय असल्यास जोडावा, असं त्यात एक कलम होतं. इतक्या वर्षांत साहेबांनी ती जागा रिकामी सोडली होती. या वेळी त्यांच्याकडे अभिप्राय होता. त्यांनी जमादारांच्या अहवालाची प्रत माझ्याकडे आणली आणि इंग्रजी भाषांतर करून मागितलं. हा कागद तिकडे गेला तर काय होईल, हे मला दिसत होतं. मी तसं बोललो. साहेब म्हणाले, "त्यांनी विचारले आहे." मी भाषांतर अचूक केलं. 'कोणतेही' साठी एखादा सौम्य शब्द मिळाला असता. मी शोधला नाही.

तीन आठवड्यांनी ते टाकीच्या जिन्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. खाली आल्यावर त्यांनी फुलनबाईंना एका वाक्यात सांगितलं. "मला परत बोलावले आहे आणि दिलेले कारण योग्य आहे."

"कोन म्हनलं योग्य आहे?" फुलनबाईंनी विचारलं. "इथच्या मानसायले विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलूबाबा चार माणसं घेऊन आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मग बाबांनी सरळ विचारलं.

"किती मानसं पायजे, साहेब?"

साहेबांना कळलं नाही.

"ख्रिस्ती, ख्रिस्ती. पाच चालतीन का? आमी पाच आहो. कमी पडले तं दुपारवरी आनखी आनतो. लिवा नावं आन् धाडून द्या."

साहेबांनी पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. या पाचांसाठी ते एकतीस वर्षं रोज सकाळी उठले होते. आता ते रांगेत बसले होते, अंघोळ करून, धुतलेले सदरे घालून. फुलनबाई आतून कागद आणि पेन घेऊन आल्या आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमचा विश्वास आहे का?" साहेबांनी विचारलं.

सुकलूबाबांनी मागे वळून बाकीच्यांचं मत घेतलं. "तुमच्यावर आहे," ते म्हणाले. "बाकीच्याचं मंग पाहू."

साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हे मी लिहू शकत नाही," ते म्हणाले. आवाज बातम्यांचा नव्हता.

"काऊन?"

"तुम्हाला वाटत नाही."

"नाई वाटत," सुकलूबाबांनी मान्य केलं. "पर तुमी गेले नाई पायजे, असं वाटते. थे लिवा."

ते त्यांनी लिहिलं. पाचांचे अंगठे आणि सह्या घेतल्या आणि तिकडे पाठवलं. उत्तर आलं, त्यात गावकऱ्यांच्या भावनांबद्दल आभार मानले होते.

साहेब जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. देवरीच्या गाडीत चढताना त्याच कंडक्टरने इतक्या वर्षांनी मुद्दाम विचारलं, "कसे आहात, साहेब?" साहेबांनी पायरीवर पाय ठेवून विचार केला. कंडक्टरने घंटी वाजवली नाही, आणि गाडीतल्या कोणीही तक्रार केली नाही. बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही असं मी तेव्हाच पाहिलं.

पुढे माझीही बदली सडक अर्जुनीला झाली. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी कामानिमित्त चिचगडला गेलो, तेव्हा गावात जाऊन आलो. चर्चला कुलूप होतं आणि किल्ली फुलनबाईंच्या कमरेला. घामघरातून धूर निघत होता, बाहेर नंबर लागले होते. मी एक फोटो काढला, टाकीच्या जिन्यावर चढलो आणि साहेबांना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, देवनागरीत, पूर्ण वाक्यांत.

'छायाचित्र मिळाले. दार बोटभर उघडे दिसते. वाफ वाया जाते.'

मी खाली येऊन ते सुकलूबाबांना वाचून दाखवलं. ते आपला नंबर सोडून उठले, आत गेले आणि दार ओढून घेतलं. आत अकरा माणसं होती. एकाचाही आवाज आला नाही.